कुलपाला घर विकू नका!

“सर, तुम्ही आम्हांला मराठी फार चांगले शिकवलेत, पण व्यवहार तुम्हांला कळत नाही.”

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्रातले हे वाक्य आहे. पोरगा गुणी. वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा आणि ‘का?’ असे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आज तो जर्मनीत चांगल्या हुद्द्यावर आहे, त्याची पत्नीही कमावती आहे, आणि दोघांपाशी चार पैसे शिल्लक पडतात. ते शिल्लक पैसेच या साऱ्या वादाचे मूळ.

उन्हाळ्यात त्याने मला एक जाहिरात पाठवली. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, आलिकान्तेच्या उत्तरेला, भूमध्य समुद्राच्या काठी एक घर विकायचे होते. जाहिरात चार ओळींची. “समुद्रकाठी, बागेसह, उत्तम निगा राखलेले घर विकणे आहे. तीन खोल्या, पाण्याचे टाके, लिंबू, ऑलिव्ह व बदामाची झाडे. मालक वृद्धापकाळामुळे विकीत आहेत.” त्याखाली विद्यार्थ्याने लिहिले होते, “सर, हे घर घ्यावे असे आमच्या मनात आहे. वर्षातून तीन आठवडे जाऊन राहू. एरवी बंद ठेवू, नाहीतर एजंट ते पर्यटकांना भाड्याने देईल. गावातल्याच एका नर्सने आणि तिच्या नवऱ्यानेही मागणी घातली आहे. त्यांना दोन मुले आहेत. पण त्यांची बोली आमच्यापेक्षा बरीच कमी आहे. म्हाताऱ्या मालकीणबाई घुटमळत आहेत. तुमचा आशीर्वाद असू द्या.”

मी आशीर्वाद दिला नाही. मी लिहिले, “तुला तिथे राहायचे नसेल, तर ते घर त्या नर्सला मिळू दे.” त्यावर दुसऱ्याच दिवशी वरचे वाक्य आले.

आता वाचक म्हणतील, चकल्या-करंज्यांच्या ताटाशी बसलेल्या माणसांपुढे स्पेनमधल्या घराची उठाठेव कशाला? त्याचे उत्तर देतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली भारतात राहणाऱ्या माणसालाही वर्षाला माणशी २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते, आणि त्या पैशातून तिकडे घरही घेता येते. म्हणजे हा प्रश्न आता सर्वस्वी परक्यांचा राहिलेला नाही. पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यांत तो येऊन बसला आहे. शिवाय ज्याने मला व्यवहार कळत नाही म्हटले, त्याला चारचौघांत उत्तर द्यावे अशीही माझी इच्छा आहे. मी काही संत नव्हे.

तर आधी त्या जाहिरातीकडेच वळू. भूमध्य समुद्र मी पाहिलेला नाही. पण वाक्य वाचायला मला समुद्र पाहावा लागत नाही. ‘उत्तम निगा राखलेले.’ आता सांगा, निगा कोणी राखली? कर्ता कुठे आहे? सातवीतल्या मुलाने असे वाक्य लिहिले, तर मी त्याखाली तांबडी रेघ ओढतो. इथे मात्र कर्ता गाळला आहे आणि त्याच्या श्रमाची किंमत मात्र लावली आहे!

त्या किनाऱ्यावर घराची निगा राखणे म्हणजे काय, हे जरा समजून घेऊ. तिथले ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे उन्हाळ्याच्या पोटातून पाऊस येतो; तिकडे उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पाऊस शरदापासून वसंतापर्यंत. म्हणून जुन्या घरांत छपरावरचे पाणी पन्हळीने खाली आणून जमिनीतल्या टाक्यात साठवतात. ते टाके दरवर्षी उपसून घासावे लागते. पन्हळी पावसाआधी साफ कराव्या लागतात. कारण तिथला शरदातला पाऊस कधीकधी सारा राग एका दिवसात काढतो. २०२४ च्या २९ ऑक्टोबरला व्हॅलेन्सिया प्रांतात असाच पाऊस कोसळला आणि दोनशेहून अधिक माणसे पुरात गेली. खारा वारा बिजागऱ्या खातो, म्हणून लोखंडाला रंग हवा. भिंतींना चुन्याची सफेदी हवी. उतारावरच्या बागेला पायऱ्यापायऱ्यांची शेते असतात, आणि त्यांना नुसत्या दगडांच्या, चुना-सिमेंट न लावता रचलेल्या भिंती असतात. कोकणातल्या माणसाला ‘गडगा’ म्हटले की चटकन कळेल. ही दगड रचण्याची विद्या युनेस्कोने २०१८ साली मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातली, आणि तेव्हा त्या यादीवर स्पेन, इटली, फ्रान्स, ग्रीस अशा आठ देशांची नावे होती. यादीत नाव गेले म्हणून भिंत उभी राहत नाही. एक दगड सरकला की तो त्याच आठवड्यात जागेवर बसवावा लागतो. नाहीतर पुढच्या पावसात भिंतीला पोट सुटते आणि त्याच्या पुढच्या पावसात ती खाली येते.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात आपलाही हात आहे. आपल्या नारळाला लागणारा सोंड्या भुंगा कोकणात कोणाला ठाऊक नाही? तो मूळचा आपल्या बाजूचा, दक्षिण आणि आग्नेय आशियातला. बाहेरून आणलेल्या शोभेच्या ताडवर्गी झाडांबरोबर तो १९९० नंतरच्या दशकात स्पेनला पोचला, आणि पुढे इटली-फ्रान्सच्या किनाऱ्यावर पसरला. बंगल्यांपुढे दिमाखाने उभी असलेली कॅनरी बेटांची खजुरीची झाडे त्याने हजारोंनी मारली. त्याची अळी खोडाच्या आत खात असते; बाहेर काही दिसत नाही. शेंडा छत्रीसारखा खाली पडला की मगच कळते, आणि तोवर खेळ संपलेला असतो. म्हणून झाडाकडे रोज पाहणारे, खोडाला कान लावणारे कोणीतरी लागते. तीन आठवड्यांच्या पाहुण्याला ते ऐकू येणार नाही.

ही झाली निगा. ती माणूस राखतो, पैसा नव्हे. पैसा माणसाला फक्त बोलावून आणतो.

आता व्यवहाराकडे येतो. मला तो कळत नाही ना? स्पेनमध्ये घर विकताना बहुधा आधी विसार होतो. रिवाज किमतीच्या दहाव्या हिश्शाचा. तिथल्या दिवाणी कायद्यात अशा विसाराचा एक प्रकार आहे : घेणारा मागे फिरला तर विसार बुडाला, विकणारा फिरला तर दुप्पट परत करायचा. मग नोटरीपुढे खरेदीखत होते. विकणारा त्या देशाचा रहिवासी नसेल, तर घेणाऱ्याने किमतीतले ३ टक्के कापून परस्पर सरकारजमा करायचे. सारे चोख. खरेदीखतात हद्दी येतात, क्षेत्रफळ येते, कर्ज-बोजा येतो. पण टाके कोणत्या महिन्यात उपसायचे, कोणत्या भिंतीचा कोणता दगड सैल आहे, लिंबाला पाणी कधी तोडायचे, हे कोणत्या कलमात येते? चाळीस वर्षे जे जपले, ते कागदावर कुठेच नाही. आणि किंमत मात्र त्याचीच येते. निगा न राखलेले घर शेजारीच अर्ध्या किमतीत पडून असते.

इथे माझ्या बाजूचे काही लोक टाळ्या वाजवायला हात उचलतील. त्यांना वाटेल, मास्तर आता म्हणणार की वास्तू विकणे हे पाप आहे. थांबा. मी तसे मुळीच म्हणत नाही. विकणाऱ्या म्हाताऱ्यांना दोष देणारा माणूस मला आवडत नाही. ज्याचे गुडघे पायऱ्या चढायला नकार देतात, ज्याला जवळ दवाखाना हवा आहे, ज्याची मुले दुसऱ्या देशात आहेत, त्याने घर विकू नये तर काय करावे? भिंतीकडे पाहत मरावे? घर माणसासाठी असते. विकणे हे पाप नाही. कोणाला विकतो आणि कशासाठी विकतो, इथे पाप-पुण्याचा प्रश्न सुरू होतो. त्याच किनाऱ्यावरची दोन घरे घेऊन हे दाखवतो.

पहिले घर इटलीत, फ्रान्सच्या सरहद्दीजवळ, व्हेंतिमिल्या गावाच्या हद्दीत, ला मोर्तोला नावाच्या भूशिरावर. शांघायमध्ये व्यापार करून श्रीमंत झालेल्या थॉमस हॅनबरी नावाच्या इंग्रजाने १८६७ साली ते विकत घेतले. भोवती उतारावर त्याने बाग केली. भाऊ डॅनियल औषधी वनस्पतींचा जाणकार, तो मदतीला. लुडविग विंटर नावाचा जर्मन माळी हाताशी. जगभरातून झाडे आणून लावली. आज ती सारी मिळकत अठरा हेक्टरांची आहे. थॉमस १९०७ साली गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सरहद्दीवरच्या त्या बागेची दुर्दशा झाली. शेवटी १९६० साली त्याच्या सुनेने घर-बाग इटलीच्या सरकारला विकली. विकली, ध्यानात घ्या! विकल्यावरही काही काळ आबाळ झाली. पण १९८७ पासून जेनोआ विद्यापीठ ती सांभाळते, आणि तिकीट काढून कोणीही तिथे फिरू शकतो. याच थॉमसने पूर्वी जेनोआ विद्यापीठाला वनस्पतिशास्त्राची संस्था बांधून दिली होती. त्याने पेरले ते असे परत उगवले.

दुसरे घर तिथून फार दूर नाही. फ्रान्सच्या हद्दीत, रोकब्रून-काप-मार्तां इथे. आयलीन ग्रे नावाच्या आयरिश कलावती बाईने १९२६ ते १९२९ या काळात ते बांधले. आधुनिक वास्तुकलेचे लेणे म्हणून आज त्याचे नाव घेतात. पण जमीन तिने आपला मित्र जाँ बादोव्हिची याच्या नावावर घेतली. बाई घर सोडून गेली. कागदावर तिचे काहीच नव्हते. पुढे चंडीगढचा आराखडा करणारा ल कॉर्ब्युझिए तिथे पाहुणा म्हणून आला, आणि १९३८-३९ मध्ये त्याने तिला न विचारता घराच्या कोऱ्या भिंतींवर चित्रे रंगवली. मालक वारल्यावर घर विकले गेले, हातोहात फिरले, आतले सामान विकले गेले, १९९६ साली तिथल्या मालकाचा घरातच खून झाला, आणि त्यानंतर ते घर ओसाड पडले. रिकाम्या घरात शिरून राहणाऱ्यांनी त्याची धूळधाण केली. १९९९ साली फ्रान्सच्या किनारा-संरक्षण संस्थेने ते विकत घेतले तेव्हा कुठे ते वाचले. आणि नीट दुरुस्त व्हायला पुढे वीसेक वर्षे लागली.

दोन्ही घरे विकली गेली. फरक कशाचा? एकाच्या विक्रीमागे ‘माझ्या मागे याचे काय होईल?’ हा प्रश्न होता. दुसऱ्याच्या विक्रीमागे तो नव्हता. एवढाच फरक; पण त्याची किंमत एका घराने चाळीस वर्षे मोजली.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या तीन आठवड्यांकडे येतो. एका घराला एक कुलूप लागले तर गाव मरत नाही. पण हा एकटाच नाही ना! ऑगस्टात खिडक्या उघडतात आणि सप्टेंबरात मिटतात अशा घरांच्या आळ्याच्या आळ्या त्या किनाऱ्यावर झाल्या आहेत. ज्या आळीत हिवाळ्यात दिवा लागत नाही, तिथला पाववाला दुकान आवरतो. बस कमी होते. शाळेत पट भरत नाही. एक शिक्षक जातो, मग दुसरा. शाळा कशी मरते ते मला पुस्तकातून वाचावे लागत नाही. आणि उरलेल्या घरांचे भाव व भाडी अशी चढतात की गावात काम करणाऱ्यांना गावात राहता येत नाही. इबिझा बेटावर शिक्षक, नर्सेस, पोलीस यांना भाड्याची खोली परवडत नाही म्हणून मोटारगाडीच्या फिरत्या घरात दिवस काढावे लागल्याच्या बातम्या आहेत. ज्या बेटावर जगातले धनिक विश्रांतीला येतात, तिथे ताप आला तर इंजेक्शन देणारी बाई गाडीत झोपते! याला व्यवहार म्हणायचे?

या रागाचा स्फोट झाला आहे. मायोर्कात पाल्मा शहराच्या रस्त्यांवर २०२४ च्या जुलैत हजारो लोक उतरले. त्याच महिन्यात बार्सेलोनात निदर्शकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. ते मला पसंत नाही; पाहुण्यावर पाणी उडवणे हा काही पराक्रम नव्हे. पण त्यामागचे दुःख खरे आहे. बार्सेलोनाच्या पालिकेने तर त्याच साली जाहीर केले की पर्यटकांना भाड्याने देण्याचे १०,१०१ घरांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरनंतर पुढे चालू ठेवायचे नाहीत.

आणि सरकारांचे शहाणपण पाहा. २०१३ च्या कायद्याने स्पेनने परदेशी माणसाला सांगितले : ५,००,००० युरोंची मिळकत घ्या आणि देशात राहण्याचा परवाना मिळवा. गंमत अशी की परवाना राहण्याचा, पण राहण्याची सक्ती नाही! वर्षभर तिथे वस्ती न करताही तो टिकत असे. म्हणजे सरकारनेच कुलपाला नागरिकत्वाच्या उंबरठ्यापर्यंत आणून बसवले. बारा वर्षांनी चूक उमगली, आणि ३ एप्रिल २०२५ पासून ती सोय बंद झाली. ग्रीसने सोय बंद केली नाही; २०२४ मध्ये अथेन्स, सांतोरिनीसारख्या मागणीच्या ठिकाणी रक्कम वाढवून ८,००,००० युरो केली. रोगावर औषध न देता वैद्याने फी वाढवावी, तसे हे झाले.

ग्रीसचेच एक भयंकर उदाहरण विसरता येत नाही. अथेन्सच्या पूर्वेला समुद्रकाठी माती नावाची, बव्हंशी सुट्टीतल्या घरांची वसाहत होती. पाइनच्या गर्द झाडीत, अरुंद बोळांची, कुंपणाला कुंपण लागलेली. २३ जुलै २०१८ रोजी वणवा आला. समुद्र हाकेच्या अंतरावर. पण तिथे उतरायला वाटा अपुऱ्या, काही ठिकाणी भिंती आणि कुंपणे आडवी. शंभरावर माणसे मेली, त्यांतली कित्येक पाण्यापासून काही पावलांवर. वारा, नियोजनाचा अभाव, उशिरा मिळालेली सूचना, अशी त्याची कारणे अनेक आहेत. सारे खापर मी कुंपणावर फोडत नाही. पण समुद्र हा माझ्या बागेचा देखावा आहे, शेजाऱ्याची वाट नव्हे, असे मानून केलेली वस्ती आगीच्या वेळी कशी होते, ते त्या दिवशी जगाने पाहिले.

आता प्रतिपक्षाला बोलू देतो. न बोलू देणारा मास्तर मी नव्हे.

पहिला आक्षेप : “घर माझे, मी कोणालाही विकीन!” ठीक. पण समुद्रकाठची मालकी इतकी निर्भेळ कधीच नव्हती. स्पेनच्या १९८८ च्या किनारा कायद्याने वाळू आणि लाटांचा पट्टा जनतेचा ठरवला. त्यात सापडलेली घरे खाजगी मालकीची न राहता मुदतीच्या परवान्यावर आली. फ्रान्सच्या १९८६ च्या कायद्याने वस्तीबाहेरच्या किनाऱ्यावर शंभर मीटरांच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला मनाई केली. समुद्र सर्वांचा, म्हणून काठावरच्याला चार बंधने, हे तत्त्व तिथे जुने आहे. त्यात आणखी एक घाला : इथे राहणाऱ्याला पहिला हक्क. हे अशक्य म्हणणाऱ्यांनी फ्रान्सकडे पाहावे. १९ नोव्हेंबर २०२४ च्या तिथल्या कायद्याने जिथे सुट्टीतली घरे फार झाली आहेत अशा गावांना अधिकार दिला की नवी बांधली जाणारी घरे फक्त कायमच्या राहणाऱ्यांसाठी राखून ठेवावीत. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये तर २०१२ साली जनतेने मतदान करून ठरवले की ज्या गावात दुसरी घरे वीस टक्क्यांहून अधिक, तिथे नवी दुसरी घरे नकोत. स्वित्झर्लंडला व्यवहार कळत नाही, असे माझा विद्यार्थीही म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. “सर, तुमचा हॅनबरी तरी कोण होता? परदेशी धनिकच ना? असल्या लोकांच्या पैशानेच तर त्या बागा झाल्या!” शाबास. हाच मुलगा तिसऱ्या बाकावर शोभत होता. पण बाळा, मी परदेशी माणसाविरुद्ध एक अक्षर तरी लिहिले का? लिंबू कुठे युरोपातला आहे? बोगनवेल दक्षिण अमेरिकेतून आली, निवडुंग मेक्सिकोकडून आला, आणि त्या किनाऱ्याचे झाले. का झाले? त्यांनी तिथे मूळ धरले म्हणून. हॅनबरीने तिथे संसार केला, माळी शिकवले, विद्येला दान दिले. तू जर्मनीतून बिऱ्हाड हलवून तिथे जा, पोरीला तिथल्या शाळेत घाल, गडग्याचा दगड स्वतः बसव, आणि खुशाल घर घे. मी पहिला अभिनंदन करीन. माझे भांडण परक्याशी नाही, गैरहजर माणसाशी आहे. हजेरीपटावर नाव आणि बाकावर कोणी नाही, हे मला शाळेतही खपत नाही.

तिसरा आक्षेप : “आम्ही माळी ठेवू, सफाईवाली ठेवू, गावात रोजगारच होईल.” होईल, काही जणांना होईल, आणि त्या पगाराला मी कमी लेखत नाही. पण त्या नर्सचे कुटुंब वर्षभर गावात दळण-भाजी घेईल, दोन मुले शाळेत घालील, शेजारच्या आजारी माणसाला रात्री उठून पाहील. तुमचा माळी घरी जाताना फाटकाला कुलूप लावील. तराजू तुमच्याच हातात देतो, तोला.

आणि विकणाऱ्या आजीबाईंना मी काय सांगतो? एवढेच, की बाई, चार पैसे कमी घ्या असा उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. तुमच्या औषधपाण्याचा खर्च मी देणार नाही. पण घुटमळता आहात, ते बरोबर आहे. किमतीशिवाय आणखी काहीतरी तुमच्या हातात आहे, म्हणूनच पाय अडखळतो. ज्यांच्या पोटाला चिमटा बसणार नाही, त्यांनी तरी राहणाऱ्याला पहिली संधी द्यावी. पैसे हप्त्याने घ्यावे. जमले तर सरकारला किंवा संस्थेला विचारावे. फ्रान्सची ती किनारा-संरक्षण संस्था १९७५ साली याचसाठी काढली, आणि तिने घेतलेली जमीन सहसा पुन्हा विकता येत नाही. आणि कोणालाही विकले, तरी एक वही लिहून द्यावी : टाके, पन्हळ, भिंत, लिंबू, खजूर. खरेदीखतात नसलेले सारे त्या वहीत असावे.

एवढे सगळे परक्यांना सांगून आपण नामानिराळे राहावे, हे बरे नव्हे. आपल्या कोकणात काय आहे? वडिलोपार्जित घर, सातबारावर नावांची माळ, एकाची सही झाली तर दुसऱ्याची नाही. गणपतीला उघडते, विसर्जनानंतर मिटते. गोव्यात वारसांच्या घोळात अडकलेली जुनी घरे आहेत, तशी बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेतलेलीही आहेत. अलिबागच्या बाजूला समुद्र दिसतो म्हणून घेतलेले बंगले आठवडाभर रखवालदाराच्या ताब्यात असतात. तिकडे बहुधा विकल्यामुळे कुलूप पडते, इकडे पुष्कळदा न विकल्यामुळे. कुलूप तेच. ज्या घरात कोणी राहत नाही ते विकायला आपण लाजतो, आणि पडायला देताना मात्र लाजत नाही! भावाभावांनी एकत्र बसून, गावात राहणाऱ्या एखाद्याला ते विकले किंवा वापरायला दिले, तर पूर्वज रागावणार नाहीत. पूर्वजांनीही ते राहण्यासाठीच बांधले होते.

दिवाळी आहे. आपण दारात पणती लावतो, कारण आत कोणीतरी आहे हे बाहेरच्याला कळावे. बंद घराच्या ओट्यावर कोणी पणती ठेवून गेले, तर ती तेल संपेपर्यंत जळते. तेल घालायला कोणी बाहेर येत नाही.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी विद्यार्थ्याला पुन्हा पत्र लिहिले. लिहिले, “व्यवहार मला कळत नाही हे कबूल. तू मला व्यवहार शिकव. फक्त एका प्रश्नाचे उत्तर दे. घर घेतल्यावर जानेवारीच्या एखाद्या रात्री त्या बागेचा गडगा ढासळला, तर तो आवाज कोणाला ऐकू येईल?”

त्याचे उत्तर अजून आलेले नाही. मालकीणबाईंनी विसार अजून कोणाचाच घेतलेला नाही, एवढे मात्र त्याच्या पत्नीने कळवले आहे.